बेळगावात बिऱ्हाड शोधताना

शुक्रवार

पहाटे साडेपाचला पुणे सोडलं. गाडीत आम्ही पाच जण: हे, मी, सासूबाई, पाचवीत जाणारी मोठी आणि साडेचार वर्षांचा धाकटा. ह्यांना बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात नोकरी मिळाली आहे. जूनपासून बिऱ्हाड तिकडे हलवायचं. ह्यांचं म्हणणं होतं की ते एकटे जाऊन दोन दिवसांत घर बघून येतील. मी हट्ट धरला की सगळे जाऊ. सासूबाईंना किती पायऱ्या चढवतात, धाकट्याला संध्याकाळी कुठे सोडता येईल, पाचही जणांना एका टेबलावर बसून खाता येईल असं घराजवळ काय आहे, हे एकट्या माणसाच्या लक्षात येत नाही. नव्या गावात गॅसची जोडणी, भांडी, कामाची बाई हे सगळं मार्गी लागेपर्यंत महिनाभर तरी बाहेरचं खाणं होतंच. धाकट्याला तिखट सोसत नाही, मोठी अनोळखी पदार्थाला हात लावत नाही आणि सासूबाईंना बिनपाठीच्या बाकावर बसवत नाही. या तिघांचं जिथे जमेल, त्याच्या आसपास घर घ्यायचं, हे मी पुण्यातूनच ठरवून निघाले होते.

कोल्हापूर, कागल मागे पडलं आणि कोगनोळीचा नाका ओलांडला की रस्त्याकडेच्या पाट्या बदलतात. मोठी खिडकीला चिकटून बसली होती. "आई, यांच्या प्रत्येक अक्षराला टोपी आहे," असं तिने जाहीर केलं आणि वहीत अक्षरं उतरवायला लागली. मला तिची काळजी होती, कारण गेले पंधरा दिवस ती रोज रात्री विचारत होती, "मला तिथे कुणाचंच काही कळलं नाही तर?"

निपाणीत जेवायला थांबलो. बाहेर कन्नड पाटी, आत गल्ल्यावर मराठी, वाढणारा पोरगा दोन्ही बोलणारा. शेजारच्या टेबलावर तंबाखूच्या दराची चर्चा चालली होती, तीही मराठीतच. निपाणीची ओळख तंबाखूची बाजारपेठ म्हणून, तेव्हा त्यात नवल नव्हतं. धाकट्यासाठी मी बिनतिखटाचं काही आहे का विचारलं, तर पोराने वाटीभर साधं वरण आणि वर तूप न मागता आणून दिलं. मोठीने त्याला "थँक यू" म्हटलं. तो म्हणाला, "ऊट आतेन्री?" ती बावरली. "जेवण झालं काय, असं विचारलो," असं त्यानेच समजावलं. हे वाक्य तिच्या वहीत पहिल्या पानावर आहे.

तवंदीचा घाट, संकेश्वर, मग काकती. काकती हे कित्तूरच्या राणी चन्नम्माचं माहेर. चारच्या सुमाराला बेळगावात शिरलो. गाव समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार फुटांवर आहे. एप्रिल असूनही काच खाली केल्यावर येणारी हवा पुण्यापेक्षा सौम्य होती.

रात्रीचं जेवण मात्र फसलं. बाजारपेठेतल्या एका हॉटेलावर "फॅमिली रूम" अशी मोठी पाटी होती. ती खोली वरच्या मजल्यावर, जिना उभा, कठडा एकाच बाजूला. सासूबाई चढल्या, पण उतरताना त्यांचा चेहरा बघवेना. खाली बसायला जागा होती, पण तिथे सगळी दारू पिणारी मंडळी. कर्नाटकात बार आणि जेवणाचं हॉटेल पुष्कळदा एकाच छताखाली असतं आणि कुटुंबांना वर किंवा मागे बसवतात. नुसतं "फॅमिली" वाचून आत शिरू नये. बसायची सोय तळमजल्यावर आहे का, हे दारातच विचारावं. दुसऱ्या दिवसापासून मी तेच केलं.

शनिवार

सासूबाई सहाला उठून लॉजच्या खाली पेपर घेऊन बसल्या होत्या. तरुण भारत. 1919 साली इथेच सुरू झालेलं हे दैनिक बेळगावातल्या मराठी घरांत अजून सकाळी लागतं. त्यांनी छोट्या जाहिरातींतल्या "भाड्याने देणे"वर पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या होत्या. पाचपैकी तीन टिळकवाडीतल्या.

टिळकवाडी आणि तिला लागून असलेली हिंदवाडी, हा दिवस त्यांचाच. रस्ते आखीव, दोन्ही बाजूंना झाडं, जुने बंगले आणि मधे मधे नव्या अपार्टमेंट. रेल्वेची लाईन जवळून जाते, म्हणून इथले पत्ते गेटांवरून सांगतात: पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. नवख्याला ते नकाशापेक्षा सोपं पडतं. पण घर बघताना शाळा गेटाच्या कुठल्या बाजूला आहे ते बघावं. सकाळी आठला फाटक पडलं की रिक्षा, स्कूटर, स्कूल बस सगळ्या एका रांगेत उभ्या राहतात.

नाश्ता एका उडुपी हॉटेलात केला. मुलं बरोबर असताना बेळगावात कुठे खावं, असं कुणी विचारलं तर मी आधी उडुपीचंच नाव घेईन. तळमजला, खुर्चीला पाठ, हात धुवायचं बेसिन आत, पाच मिनिटांत इडली. वडा "डिप" मागितला की सांबारात बुडवून देतात आणि बाजूला ठेव म्हटलं की वाटी वेगळी येते. कॉफी "बाय टू" मागायची पद्धत आहे: एका कपाचे दोन करून देतात आणि कुणी वाकडं तोंड करत नाही. धाकट्याने साध्या डोशाचा कुरकुरीत काठ खाल्ला, मोठीने उप्पीट. इथे उपम्याला उप्पीटच म्हणतात. सासूबाईंचं माहेर मिरजेचं. हा शब्द कितीतरी वर्षांनी हॉटेलात ऐकला म्हणून त्यांनी दुसरी बशी मागवली.

उभ्याने खायची हॉटेलंही आहेत. चव उत्तम, दर कमी, पण लहान मूल आणि म्हातारं माणूस बरोबर असलं की ती आपल्या कामाची नाहीत.

मग घरं. पहिलं दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दुसऱ्याच्या मालकांनी दारातच विचारलं, "नॉनव्हेज खाता काय?" आम्ही खातो. हे तसंच बोलले. दार बंद झालं नाही, पण संभाषण तिथेच संपलं. मला वाईट वाटलं, आणि ते लपवायचं कारण नाही. पण फोनवरच विचारून घेतलं असतं तर दोघांचाही वेळ वाचला असता. पुढच्या सगळ्या फोनांत मी हा प्रश्न आपणहून पहिला विचारला.

तिसरं घर हिंदवाडीत, तळमजला, मागे विहीर. मालकीण साठीच्या पुढची. फाटकापाशी आम्हाला रेंगाळताना बघून तिने ओट्यावरून हाक मारली, "घर बघूलालाय काय? या की आत." तिने आधी चहा दिला, मग घर दाखवलं. पाण्याचं विचारलं. बेळगावात हा प्रश्न भाड्याच्याही आधी विचारावा. शहराला राकसकोप आणि हिडकलच्या धरणांचं पाणी येतं. काही प्रभागांत 2008 पासून चोवीस तास नळ आहे, बाकी ठिकाणी काही दिवसांच्या अंतराने येतो. एकाच रस्त्याच्या दोन टोकांना दोन तऱ्हा असू शकतात. म्हणून "या भागात पाणी कसं आहे" असं न विचारता "या नळाला शेवटचं पाणी कधी आलं" असं विचारावं. काकूंनी तारीख सांगितली, टाकी उघडून दाखवली आणि विहिरीवरचं झाकणही सरकवलं. धाकट्याला बघून त्या म्हणाल्या, "ह्याला जाळी लावून घेतो आम्ही, काळजी करू नका."

भिंतीही बघितल्या. इथे जून ते सप्टेंबर पाऊस नुसता झोडपतो आणि तो पश्चिमेकडून येतो. एप्रिलात ओल दिसत नाही, पण पश्चिमेच्या भिंतीवर खाली हातभर उंचीपर्यंत रंगाला फुगे आले असतील तर समजावं. काकूंच्या न्हाणीघरात थोडे होते. त्यांनी स्वतःच दाखवले.

संध्याकाळी व्हॅक्सीन डेपोच्या मैदानाकडे गेलो. जुन्या काळी इथे देवीची लस तयार होत असे, त्यावरून हे नाव. आता मोठी झाडं, चालायला येणारी माणसं आणि क्रिकेट खेळणारी पोरं. एका टोळीत एक मुलगा मराठीत "आउट हाय की रे" म्हणून भांडत होता, दुसरा त्याला कन्नडात उत्तर देत होता आणि दोघांनाही एकमेकांचं सगळं कळत होतं. मोठी अर्धा तास ते ऐकत उभी होती. त्या रात्री तिने नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

वाटेत वीरसौध बघितलं. 1924च्या डिसेंबरात इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. गांधीजी अध्यक्ष झाले असं हे एकच अधिवेशन. त्या वेळी खणलेली विहीर अजून जवळच आहे. मोठीला पुस्तकातलं गाव आणि आपलं होऊ घातलेलं गाव एकच निघालं याचं फार अप्रूप वाटलं.

रविवार

सासूबाईंना शहापूर बघायचं होतं. शहापूर, खासबाग, वडगाव हा विणकरांचा भाग. शहापुरी लुगडी त्यांच्या आईने नेसलेली. अरुंद गल्ल्या, लागून घरं, दारात रांगोळ्या आणि आतून मागांचा खडखडाट. पूर्वी हातमाग होते, आता बहुतेक यंत्रमाग. एका घरात भाड्याच्या दोन खोल्या होत्या. स्वच्छ होत्या, भाडं हिंदवाडीच्या निम्मं. पण शेजारी माग चालू होते. घरातली बाई म्हणाली, "आम्हाला ते बंद पडले की झोप लागत नाही." धाकटा दुपारी झोपतो. मी नाही म्हटलं.

त्याच बाईने एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. बेळगाव शहरात रंग धुळवडीला खेळतात, पण शहापुरात रंगपंचमीला. कारण शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांच्या ताब्यात. संस्थान गेलं, हद्द पुसली, पण रंगाचा दिवस तोच राहिला. मुलांनी लगेच हिशेब केला की मधे कुठेही घर घेतलं तरी दोनदा रंग खेळता येईल.

खासबागेत रविवारचा बाजार भरला होता. बाजार बघितल्याशिवाय वस्ती कळत नाही, असं माझी आई म्हणायची. भाजीवाल्या मराठीत आणि कन्नडात एका दमात दर सांगत होत्या. अंबाडी, मेथी, लाल माठ, शेंगदाण्याची चटणी पुड्यांत बांधून. बासमती विकायला एक शेतकरी बसला होता. येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारात पिकणारा हा बेळगावी बासमती पंजाबच्यासारखा लांब नसतो, पण शिजताना घरभर वास येतो. दोन किलो घेतला.

चारला वळीव आला. टपोऱ्या थेंबांनी बाजार पाच मिनिटांत पांगला. आम्ही एका खानावळीच्या पडवीत उभे राहिलो, आणि उभेच आहोत तर जेवून घेऊ म्हणून आत बसलो. ही उत्तर कर्नाटकी खानावळ: ज्वारीची पातळ कडक भाकरी, भरलेलं वांगं, मोडाची उसळ, शेंगा चटणी, दही. भरलेल्या वांग्याला इथे एण्णेगाई म्हणतात. तिखट जहाल होतं. पण वाढणाऱ्या मावशींनी धाकट्याला दही-भाकरी कुस्करून दिली, वर साखर घातली आणि स्वतः चमच्याने दोन घास भरवले. त्याला म्हणाल्या, "साकु?" त्याने मान हलवली. साकु म्हणजे पुरे. तो आता पुण्यातही जेवताना हात आडवा धरून हेच म्हणतो.

रात्री ह्यांना आणि मोठीला नियाझची बिर्याणी खायची होती. बेळगावात बिर्याणी म्हटलं की हे नाव निघतंच. पोरंबाळं घेऊन आलेली टेबलंच्या टेबलं, त्यामुळे मुलांचा आवाज झाला तरी कुणी वळून बघत नव्हतं. मसाला मोठ्यांच्या जिभेचा. लहानांसाठी नुसता भात आणि रायता मागून घ्यावा.

सोमवार

हा दिवस दमवणारा. एका दलालाबरोबर सकाळपासून चार घरं बघितली. त्याने एक फार छान घर दाखवलं: नवीन, मोठं अंगण, भाडं आमच्या बेतात. पण मागे शेतं आणि थोड्या अंतरावर नाला दिसत होता. मी विचारलं, तो म्हणाला, "काही होत नाही." मी मुलांना घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात बिस्किटं घ्यायला गेले. दुकानदाराने आपल्या काउंटरच्या लाकडावर हात ठेवून दाखवला. 2019च्या पावसात पाणी इथपर्यंत. बळ्ळारी नाला फुगला की त्या बाजूच्या शिवारात आणि सखल वस्त्यांत पाणी शिरतं, हे बेळगावात सगळ्यांना माहीत असतं. नवख्यालाच तेवढं माहीत नसतं, आणि ज्याला दलाली मिळायची तो सांगत नाही. मला खूप राग आला. मुलं आणि म्हातारं माणूस घरात आहे हे बघूनही त्याने ते घर दाखवलं होतं. दलालाला तिथूनच निरोप दिला.

नंतर शाळा. मुलांना सुटी होती, पण ऑफिसं उघडी होती. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्यांनी दोन गोष्टी आधीच समजून घ्याव्यात. पहिली, इथे शाळा मेअखेरीला किंवा जूनच्या सुरुवातीलाच उघडतात, महाराष्ट्रासारखी पंधरा जूनची वाट बघत नाहीत. आणि सहामाहीची मोठी सुटी दसऱ्याला असते, दिवाळीला नव्हे. म्हणजे दिवाळीत आजोळी महिनाभर राहणं गेलं. हे ऐकून मोठीचे डोळे भरले. मामेभावंडांबरोबर किल्ला करायचा बेत तिचा कायमचा असतो.

दुसरी गोष्ट कन्नडची. 2015च्या कायद्याने राज्यातल्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवावीच लागते. इथल्या मुलांनी पहिलीपासून ती लिहिलेली असते, आपली मुलगी मात्र पाचवीत पाटी-पेन्सिल धरणार. एका शाळेत हे विचारल्यावर "जमवून घ्या" एवढंच उत्तर मिळालं. दुसऱ्या शाळेत कन्नडच्या बाई स्वतः ऑफिसात आल्या, मोठीची वही मागितली, तिने रस्त्यावरून उतरवलेली अक्षरं बघितली आणि दोन अक्षरांना राहिलेली टोपी घालून दिली. "जूनमध्ये ये, रोज अर्धा तास बसू," म्हणाल्या. शाळेची निवड तिथेच झाली. मराठी माध्यमाचीही सोय बेळगावात चांगली आहे, मराठी विद्यानिकेतनसारख्या शाळा आहेत. पण आमची मोठी पहिल्यापासून इंग्रजीत शिकलेली आणि आता माध्यम बदलायचं नव्हतं.

भाषेवरून या भागाने काय सोसलं आहे ते आमच्यासारख्या बाहेरून येणाऱ्यांना वरवर माहीत असतं. 1956च्या राज्य पुनर्रचनेपासूनचं दुखणं आहे. पहिली नोव्हेंबर कुणासाठी राज्योत्सव, कुणासाठी काळा दिवस. पाटीवरचं एक अक्षरही इथे साधं नसतं. माझी मराठी मला प्राणापलीकडे प्रिय आहे आणि ती इथल्या माणसांनी किती जपली आहे हे बघून ऊर भरून येतो. तरीही त्या बाईंनी टोपी घातलेलं अक्षर बघताना मला आनंदच झाला.

संध्याकाळी सदाशिवनगर, हनुमाननगर, महांतेशनगर गाडीतूनच बघितली. रुंद रस्ते, शांतता, नेहरूनगरचं केएलईचं मोठं इस्पितळ जवळ. पण ह्यांचा कारखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला.

कँपात मात्र उतरलो. जुनी झाडं, लष्कराची शिस्त, मिलिटरी महादेवाचं देऊळ. येताना पुरोहितांकडचा कुंदा घेतला. दूध, खवा, साखर तासन् तास आटवून तपकिरी दाणेदार होणारा. सासूबाईंनी मांडेही विचारले. उलट्या खापरावर भाजलेले पातळ, घडीचे मांडे त्यांच्या लग्नाच्या रुखवतात बेळगावहूनच आले होते.

मंगळवार

सकाळी किल्ल्यात कमल बस्ती हे जैन मंदिर बघितलं, 1204 सालचं. छताला दगडातलं कमळ उमललं आहे. धाकटा पाठीवर झोपून ते बघत राहिला आणि त्याला उठवावंसं वाटेना.

अकराला हिंदवाडीत काकूंच्या ओट्यावर होतो. शाळा चालत बारा मिनिटं, मधे फाटक नाही. कोपऱ्यावर उडुपी, तळमजल्यावर. उद्यमबाग स्कूटरने पंधरा मिनिटं. पाच पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा. सासूबाई दोनदा चढून उतरल्या. नॉनव्हेज चालतं, फक्त सोमवारी आणि श्रावणात नको. दहा महिन्यांचं डिपॉझिट मागितलं, सहावर ठरलं. न्हाणीघराच्या भिंतीचं काम पावसाआधी करून देणार, हे आम्ही कागदावर लिहून घेतलं आणि काकूंनी आनंदाने सही केली. विहिरीवरच्या जाळीचं माप धाकट्याला शेजारी उभं करून घेतलं.

फाटकावर "मने बाडिगेगे इदे" अशी पाटी होती, खाली मराठीत "घर भाड्याने देणे आहे". काकूंनी ती काढली. मोठीने वरची ओळ वहीत उतरवली, टोप्यांसकट.

परतताना निपाणीला त्याच हॉटेलात थांबलो. शाळा मेअखेरीला, म्हणजे वीस तारखेच्या आत सामान हलवायला हवं, टेम्पोवाल्याला आजच फोन करायला हवा, असं आमचं चाललं होतं. वाढणारा पोरगा वरणाची वाटी घेऊन आला. मोठीने त्याच्याकडे बघितलं, वही न उघडता म्हणाली, "ऊट आतेन्री?"

तो म्हणाला, "इन्नू इल्ला." अजून नाही.

मग ती म्हणाली, "मग तू कधी जेवणार?" आणि त्याने घड्याळाकडे बघून मराठीत सांगितलं, "साडेतीनला."